आगमनकाळ तोंडावर आलाय, कपेलात आम्ही म्हातारी माणसं तेवढी उरलोय. यंदा काय करावं?

कणकुंबीवाट | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१०

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. ख्रिस्ती घरं मुळातच थोडी, त्यातली निम्मी आता कुलपात. कपेलाची, म्हणजे आमच्या छोट्या प्रार्थनामंदिराची, किल्ली माझ्याकडे असते. महिन्यातून एका रविवारी फादर मिस्सेला (पूजाविधीला) येतात. बाकीच्या रविवारी आम्ही तेर्स (जपमाळ) म्हणतो, त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचतो आणि घरी येतो. आम्ही म्हणजे साठीच्या पुढच्या बायका, दोन-तीन म्हातारे आणि डोत्रीनीला (धर्मशिक्षणाला) येणारी एकाच घरातली दोन पोरं.

काल मृतांचा दिवस झाला. सिमितेरीतलं (दफनभूमीतलं) गवत आधीच काढून ठेवलं होतं. गोव्याहून, बेळगावहून, पुण्याहून माणसं आली. ज्याने त्याने आपल्या माणसाच्या खुरसाला झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली. मिस्सेला आत जागा पुरेना, माणसं दारात उभी. नंतर चहा झाला, डबे उघडले, आणि उन्हं कलायच्या आत सगळ्या गाड्या निघून गेल्या.

आता ३० तारखेपासून आगमनकाळ, नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे. गेल्या वर्षी वेदीसमोर परातीत तांदूळ पसरून त्यात चार मेणबत्त्या रोवल्या होत्या. तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावताना आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजीने विचारलं, "बाय, हे आपण कुणासाठी लावतोय गो?" चिडून नाही, खरंच विचारत होत्या. पोरं-नातवंडं नाताळालाही येत नाहीत. मेलेल्यांसाठी येतात, येणाऱ्यासाठी येत नाहीत, हे मला फार लागलंय.

पहिल्या मेणबत्तीला "आशेची" म्हणतात. मला इथल्या अनुभवी माणसांना विचारायचंय: तुमच्या लहान मंडळ्यांमध्ये, जिथे तरुण उरले नाहीत, तिथे आगमनकाळ कसा पाळता? की नुसतं वाचन करून गप्प बसावं? समजूत काढू नका, खरं काय ते सांगा.

---

चंदगडी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.०२

आमच्याकडेही हेच चित्र आहे ताई. वाचतोय.

---

कॅम्पातला_जुना | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.२५

ताई, मी बेळगाव कॅम्पातला. फातिमा कॅथेड्रलच्या गायकवृंदात उमेदीची सगळी वर्षं काढली. इथे बाकं भरलेली असतात, मेणबत्त्यांचं चक्र सुंदर सजवलेलं असतं. तरी सांगतो, आगमनकाळ आमच्याकडेही कुणी पाळत नाही. १ डिसेंबर उजाडला की घराघरात नेवऱ्या, कलकल, दोदोल यांचं सामान येतं, गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) स्पर्धेची नावं लागतात, पोरं ३१ तारखेला जाळायच्या 'ओल्ड मॅन' या पुतळ्याच्या गवताच्या जमवाजमवीला लागतात. वेदीवर जांभळं वस्त्र, ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद, फुलं बेताची. आणि बाहेर नाताळ कधीच सुरू. वाट पाहायला कुणाला सवडच नाही. तुम्हाला आहे.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही लिहिलंत, "म्हातारी माणसं तेवढी उरलोय." लूकचं शुभवर्तमान पहिल्या पानापासून काढून बसा. गोष्ट कुठून सुरू होते? जखऱ्या आणि अलीशिबा, दोघंही वयातीत, मूलबाळ नाही. देवदूत समोर उभा आहे आणि जखऱ्या म्हणतो, मी म्हातारा, माझी बायकोही म्हातारी, हे कशावरून खरं मानू? पुढे मंदिरात बाळाला ओळखणारे कोण? शिमोन, मरणाच्या वाटेकडे डोळे लावलेला. आणि हन्ना, विधवा, वय ८४, देवळातून न हलणारी. मरिया तरुण, योसेफ आहे, मेंढपाळ आहेत, मान्य. पण वाट पाहण्याचं काम लूकने ज्यांच्याकडे दिलंय ती सगळी तुमच्या कपेलातली माणसं आहेत. महायाजकाच्या घरात, हेरोदाच्या वाड्यात, जिथे गर्दी होती, तिथे कुणालाही पत्ता लागला नाही.

मी हे धीर द्यायला लिहीत नाही. तरुण आले तर आशा, नाही आले तर नाही, हा हिशेब कुणी घालून दिला? तुमच्या आजी बहुधा आपल्या बेळगाव धर्मप्रांताहूनही (१९५३) वयाने मोठ्या असतील. त्यांनी जे टिकवलंय ते आधी बघा. यंदा लूकचे पहिले दोन अध्याय थोडे थोडे करून चारही आठवडे त्यांच्याकडूनच वाचून घ्या. दिसत नसेल तर तुम्ही वाचा, त्या ऐकतील आणि बोलतील.

---

वडगावकर | ४ नोव्हेंबर, दुपारी १.४०

काका, वाचून बरं वाटलं, पण मला आशेबद्दल ऐकायचाच कंटाळा आलाय. २०२१ चा आगमनकाळ आठवा. २३ डिसेंबरला आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्या महिन्यात आमच्या गल्लीत कॅरल निघाली नाही, घरातल्या प्रार्थनेला दारं लावून बसलो. माझ्या मुलाने विचारलं, पप्पा, आपण काय चोरी करतोय का? त्याच्यापुढे बसून मी आशेची मेणबत्ती लावली, पण मनात काहीही नव्हतं. अजूनही दर वर्षी पहिल्या रविवारी तोच प्रसंग आठवतो.

ताईंना "खरं काय ते" हवंय म्हणून लिहिलं. काही जणांच्या वाट्याला आशा येत नाही, नुसतं पाळणं येतं.

---

शहापूरची_सून | ४ नोव्हेंबर, रात्री ८.५५

वडगावकर दादा, तुम्ही लिहिलंत ते चांगलं केलंत. मी मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, मंडळीतली. आमच्याकडेही त्या वर्षी तसंच होतं.

यंदा तीन वर्षांच्या फेरीतल्या 'अ' वर्षाची वाचनं सुरू होतात, तुमच्याकडे आणि आमच्याकडे बरीचशी एकच. तिसऱ्या रविवारचं, १४ डिसेंबरचं शुभवर्तमान आहे मत्तय ११. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेकाठी सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं, तोच आता कोठडीतून शिष्यांना पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? आणि हे वाचन कुठल्या रविवारी ठेवलंय? आनंदाच्या! गुलाबी मेणबत्तीच्या! येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते, एवढंच जाऊन सांगा म्हणतो. तुरुंग उघडल्याचं त्या यादीत नाही. योहान तिथेच मारला गेला. आणि त्याच माणसाबद्दल येशू लोकांना सांगतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कुणी झाला नाही.

तुमच्या मनात तेव्हा काही नव्हतं आणि तरी तुम्ही मुलापुढे मेणबत्ती लावलीत. मला ते योहानाने निरोप पाठवण्यासारखंच वाटतं. ज्याची आशा पुरती संपली तो विचारायला माणूस पाठवत नाही.

आता कणकुंबीवाट ताई, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. ही चार मेणबत्त्यांची पद्धत आली कुठून ठाऊक आहे? हॅम्बुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाचे पाळक होते, गरीब पोरक्या मुलांचं घर चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तर १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान, रविवारी एक मोठी. देवदारूच्या डहाळ्या नंतर आल्या, आणि कॅथलिक चर्चमध्ये तर ही रीत विसाव्या शतकात पोचली. मुळात होतं ते गाडीचं चाक!

तुमच्या गावात कुणाच्या गोठ्यात बैलगाडीचं चाक पडलेलं असेलच ना?

---

कणकुंबीवाट | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

आहे! आमच्याच मांडवात आहे. सासऱ्यांच्या गाडीचं. धाव (लोखंडी पट्टी) केव्हाच निघाली, तुंबा (मधला गोळा) एका बाजूने किडलाय, पण आरे सगळे शाबूत. दोन वर्षांमागे जळणाला फोडायचं चाललं होतं, कुणाचाच हात धजला नाही.

काका, लूकचं वाचून रात्री परत एकदा दोन्ही अध्याय काढले. हन्नाचं वय ८४ हे इतक्यांदा वाचूनही कधी ध्यानात राहिलं नव्हतं.

---

मडगाव_शिफ्ट | ५ नोव्हेंबर, रात्री १२.४५

मावशी, मी तुमच्या पलीकडच्या वाडीचा. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. गोव्यात हॉटेलच्या किचनला आहे, आत्ताच शिफ्ट सुटली.

"नाताळालाही येत नाहीत" वाचलं आणि झोप लागंना. मावशी, आमची यायची इच्छा नसते असं नाही ओ. २० डिसेंबर ते २ जानेवारी रजा बंद असते. लोक नाताळ करायला गोव्यात येतात, त्यांच्यासाठी आम्ही टर्की भाजायलोय, केक कापायलोय, आणि रात्री बाराच्या मिस्सेची घंटा किचनच्या खिडकीतून ऐकायलोय. माझ्याबरोबर आपल्या भागातली आठ-दहा पोरं आहेत. कोण हाऊसकीपिंगला, कोण लाँड्रीत, दोन पोरी रिसेप्शनला. सगळ्यांचं तेच. आई दर वर्षी फोनवर रडते. मृतांच्या दिवसाला येतो, कारण तेव्हा सीझन नुकता सुरू होत असतो, रजा मिळते.

पण डिसेंबरचे पहिले दोन आठवडे तेवढे भरलेले नसतात. शनिवार-रविवार सुटत नाही, सोमवारची वीकली ऑफ मात्र मागता येते. रविवारी दुपारचं जेवण आटोपून तीनला निघालो तर चोर्ल्याने साडेपाच-सहापर्यंत पोचतो. १४ तारखेला संध्याकाळी काही ठेवलंत तर आम्ही येऊ शकतो. सोमवारी राहून मंगळवारी पहाटे परत.

आम्हाला २५ तारीख मिळायची नाही. त्याच्या आधीचं काहीतरी मिळालं तरी चालेल.

---

कणकुंबीवाट | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

ओळखलं रे बाळा. तुझी आई काल दळण घेऊन माझ्या दारावरून गेली. तुला सांगते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रजा मिळत नाही हे ठाऊक होतं, पण १४ तारखेला मिळते हे कुणी विचारलंच नाही. आपण सगळे २५ धरूनच बसलेलो.

फादरांना आजच फोन करते.

---

चंदगडी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

हे फार मोलाचं आहे. आमची पोरंही तिकडेच आहेत. आजच विचारतो.

---

पेटीवाला | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

राम कृष्ण हरी. मी खानापुरातला, माळकरी. बेळगाव-खानापूरच्या कुठल्याही धाग्यात डोकावतो, म्हणून हा वाचनात आला. विषय तुमच्या धर्माचा आहे, मधे बोललो तर चालेल का, असा दोनदा विचार करून लिहितोय.

ताई, तुमच्या कपेलात गाणी म्हणायला वाद्य काय आहे? पेटी असेल पण वाजवणारा नसेल, असा माझा अंदाज. आमचं भजनी मंडळ एकादशीला आणि सप्ताहात गुंतलेलं असतं. १४ तारखेचा रविवार मोकळा आहे. (एकादशी १५ ला आहे, तिच्या आदल्या रात्री आमची तयारी, पण नऊपर्यंत मी येऊ शकतो.) पेटी आणि एक पखवाजी. बिदागी वगैरे काही नको. फक्त गाणी आधी ऐकवा, म्हणजे ठेका बसवता येईल.

---

शहापूरची_सून | ५ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बुवा, तुम्ही बोललात ते फार छान झालं. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ ला ते मेथडिस्टांकडे आलं, आणि आमच्या मराठी उपासनेत इंग्रजी चालींबरोबर पेटी-टाळ आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) कितीतरी गीतं अभंग-ओवीच्या घाटातच आहेत. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत. तुम्हाला वेगळं काही शिकावं लागणार नाही, पहिल्या कडव्यालाच ठेका धराल. दोन-तीन भजनं म्हणून पाठवते.

---

पेटीवाला | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

ऐकली. एक तर थेट आमच्या हरिपाठाच्या चालीत बसते. ताई, मंडळीत थोरल्या बायका जास्त आहेत म्हणालात. काळी चार ही पट्टी त्यांना झेपायची नाही, वर जाताना आवाज फाटतो. काळी तीन धरू.

---

बिदरहून_इकडे | ७ नोव्हेंबर, रात्री ११.०५

नमस्ते. पहिल्यांदाच लिहिते, माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. मी बिदर जिल्ह्यातली, मेथडिस्ट. जांबोटी भागात नर्स म्हणून बदली होऊन आले, आता बरेच महिने झाले. घरी कन्नड, मराठी शेजारपाजारची. इथे माझं चर्च नाही, बेळगावला जायला रविवारी ड्यूटी आड येते.

कणकुंबीवाट अक्का, तुमचं कपेल मी रोज बघते. लसीकरणाला त्याच रस्त्याने जाते. आत यायला धीर झाला नाही. मी कॅथलिक नाही, आणि कन्नड बोलणारी. इथे भाषेचं किती नाजूक आहे ते मला ठाऊक आहे. कोण काय म्हणेल, म्हणून बाहेरूनच हात जोडून पुढे जायची.

मी आले तर चालेल का? मागे बसेन.

---

कणकुंबीवाट | ८ नोव्हेंबर, पहाटे ५.५०

अगं, माझ्या पायाचं ड्रेसिंग तूच केलंस की! पांढऱ्या स्कूटीवाली ना? एवढी बोलायचीस आणि हे कधी बोलली नाहीस.

उद्या रविवार आहे, दहा वाजता ये. मागे बसायला जागाच नाही, बाकं चारच आहेत.

---

कॅम्पातला_जुना | ८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

बिदरच्या ताई, भाषेबद्दल थोडं लिहितो. मी मराठी शाळेत शिकलो, घरी कोंकणी, आणि सीमाप्रश्नात आमच्या पिढीने काय काय पाहिलं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मराठी मिस्सेसाठी मी स्वतः अर्ज लिहिलेत आणि पुन्हा लिहीन. माणसाला आपल्या भाषेत देवाशी बोलता आलं पाहिजे, हे माझं पक्कं मत आहे. म्हणूनच तुम्हाला तुमच्या भाषेत वाचता यावं, हेही तितकंच पक्कं. १४ तारखेचं पहिलं वाचन यशया ३५ आहे: वाळवंट फुलेल, गळालेले हात बळकट करा, लटपटणारे गुडघे सावरा. ते कन्नडमध्ये ऐकायला मला फार आवडेल.

एक बाब मात्र आधी स्पष्ट करून घ्या. कॅथलिक मिस्सेत वाचन करणारी व्यक्ती कॅथलिक असावी असा नेम आहे, वेगळं करायचं तर परवानगी लागते. कम्युनियनचंही तसंच. फादरांना अवघडात टाकू नका. मिस्सेच्या आधी अर्धा तास प्रार्थना ठेवली, चाकावरच्या मेणबत्त्या तेव्हाच लावल्या, तर त्या प्रार्थनेत कुणीही वाचू शकतं, कुणीही गाऊ शकतं. बुवांची पेटीही तिथेच.

---

वडगावकर | ८ नोव्हेंबर, रात्री ९.४५

शहापूरच्या ताई, मत्तय ११ मुलाला वाचून दाखवलं. आता तो नववीत आहे. त्याने विचारलं, योहानाला उत्तर पोचलं का? मला सांगता आलं नाही, तिथे तसं लिहिलेलंच नाही.

१४ ला आम्ही दोघं येतो. बेळगावहून मोटारसायकलने. काही आणायचंय का?

---

कणकुंबीवाट | ८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मेणबत्त्या आणा दादा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. खानापुरात गुलाबी मिळत नाही. कॅम्पात मिळेल.

फादर हो म्हणाले. सकाळच्या दोन मिस्सा दुसरीकडे, संध्याकाळी सातला आमच्याकडे. साडेसहाला प्रार्थना.

---

वसईकर_आगाशी | १० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

लांबून वाचतोय, मस्त चाललंय. एक सुचवू? दुसऱ्या रविवारी, ७ तारखेला, पसरट डब्यांत गहू किंवा नाचणी पेरा. नवरात्रात घटाला पेरतात तसंच. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, पाणी शिंपडत राहा. गोठ्यासाठी हिरवळ तयार होते. लहान पोरांना हे काम फार आवडतं.

---

कणकुंबीवाट | १६ डिसेंबर २०२५, सकाळी १०.००

सगळे विचारताहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जे झालं नाही ते. गोव्याहून येणाऱ्यांपैकी तिघांना ऐन वेळी थांबवून घेतलं, लग्नाचं मोठं बुकिंग आलं म्हणून. त्यातल्या एकीची आई दारात उभी राहून प्रत्येक गाडीचा दिवा बघत होती, मला तिच्याकडे बघवेना. चाक छताला टांगायचं ठरवलं होतं, तेही जमलं नाही, वासा तेवढा मजबूत नाही. शेवटी दोन बाकांवर आडवं ठेवलं. किडलेला तुंबा खाली गेला, ते बरंच झालं. धाव नसल्यामुळे कडेच्या लाकडाला खिळे मारता आले, त्या खिळ्यांत मेणबत्त्या बसल्या. आऱ्यांमधून आपल्याच जांभळीचे टहाळे ओवले. गहू आठवड्यात बोटभर झाला होता, त्याचे डबे मधोमध. दोन्ही पोरं शाळेतून आल्यावर आधी डबे बघायची, मग दप्तर टाकायची.

साडेसहाला सुरू केलं तेव्हा गोव्याची पोरं पोचली नव्हती. बुवा आणि पखवाजी सहालाच हजर होते. आमच्या बायकांनी पहिलं भजन अगदी हळू धरलं, बुवांनी पेटी त्याहून हळू केली. दुसऱ्या कडव्याला बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. पोरं तशीच आत आली, एकाच्या अंगावर अजून किचनचा पांढरा कोट होता. कुणी गाणं थांबवलं नाही.

बिदरच्या सिस्टरने यशया कन्नडमध्ये वाचला, मग डोत्रीनीतल्या थोरल्याने मराठीत. गुडघ्यांची ओळ आली तेव्हा आमच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कारण त्या सिस्टरकडे गुडघ्यांचंच औषध मागत असतात. वडगावकर दादांच्या मुलाने योहानाचा प्रश्न वाचला. वाचून झाल्यावर लगेच जागेवर गेला नाही, थोडा उभा राहिला. दादा, तुम्ही लिहाल तर लिहा, मी त्यावर जास्त बोलत नाही.

आता जे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं ते. मिस्सेनंतर जेवण झालं, बुवा निघायच्या बेतात होते. पोरांनी थोरल्या आजीला सहज म्हटलं, तुमच्या वेळी काय म्हणायचात? आणि आजीने जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. मरिया डोंगर ओलांडून अलीशिबेच्या घरी चाललीय, वाटेत कोण कोण भेटतं, कुणी पाणी दिलं, कुणी सावली दिली. आईकडून ऐकलेल्या, म्हणाल्या. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसतेय, एकही ओवी कधी ऐकली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, जातं गेलं, मग म्हणायचं कशाला? बुवा परत बसले. पखवाज नको म्हणाले, नुसती पेटीवर सूर धरून राहिले. आजी मधेच विसरायच्या, तर कोपऱ्यातल्या दुसऱ्या आजी पुढची ओळ द्यायच्या. त्यांनाही येत होत्या!

पोरांनी मोबाइलवर जमेल तेवढं घेतलं. मध्येच कुत्री भुंकलीत, पण शब्द कळतात.

---

कॅम्पातला_जुना | १६ डिसेंबर, सकाळी ११.४०

ताई, हे ऐकून मी खुर्चीतून उठलो. फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं ते ओवीतच, आणि गोवा-कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. आजींच्या ओव्या त्यातल्या असतील असं मला लगेच वाटत नाही. वाटेत भेटणारी माणसं, पाणी, सावली, हे सगळं बायकांनी जात्यावर स्वतः रचलेलं असावं. पण मिळवून बघितलं पाहिजे. माझ्याकडे पुराणाची छापील प्रत आहे. ध्वनिमुद्रण मला पाठवाल का? मी शब्द न शब्द उतरवून काढतो.

---

शहापूरची_सून | १६ डिसेंबर, दुपारी २.०५

मी तर म्हणते आणखी गावांत विचारा. आमच्या मंडळीतल्या थोरल्या बायकांना मी या रविवारीच विचारते. आजवर आम्ही त्यांना फक्त "साक्ष द्या" म्हणायचो, "ओवी येते का" असं कधी विचारलं नाही.

---

वडगावकर | १६ डिसेंबर, रात्री ८.३०

मुलाने परत येताना मोटारसायकलवर विचारलं, पुढच्या वर्षी कुठलं वाचन असतं? एवढंच लिहितो.

---

मडगाव_शिफ्ट | १७ डिसेंबर, रात्री १.२०

मावशी, राहिलेल्या तिघांना ध्वनिमुद्रण ऐकवलं. लाँड्रीत मशीन बंद करून ऐकलं सगळ्यांनी. २० पासून आमची रजा बंद, पण ५ जानेवारीच्या सोमवारी पाच जणांची ऑफ मंजूर झालीय, त्यात ते तिघंही आहेत. आजी तेव्हा म्हणतील काय? या वेळी नीट माईक आणतो.

---

चंदगडी | १७ डिसेंबर, सकाळी ९.१०

आमच्याकडे २१ च्या रविवारी काही जमणार नाही, पण पुढच्या वर्षीसाठी पोरांच्या रजेच्या तारखा आत्ताच लिहून घेतल्यात. ५ जानेवारीला मी आमच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आलो तर चालेल का? एकीला ओव्या येतात म्हणते.

---

कणकुंबीवाट | १७ डिसेंबर, सकाळी ९.५०

आणा की, जेवायलाच या. आजी सकाळी ताज्या असतात, दुपारनंतर थकतात, म्हणून दहाला बसू. कपेलात गारवा फार आहे, आमच्या पडवीत बसू. बुवा, सोमवार आहे, जमेल का? काका, वह्या तुम्ही आणा. एका पानावर आजी म्हणतील तसंच उतरवायचं, समोरचं पान कोरं ठेवायचं, दुसऱ्या आजी वेगळं म्हणाल्या तर तिथे लिहायला. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कालपासून सुरू झालीय, रोज संध्याकाळी सहाला. चाक २१ पर्यंत तिथेच आहे, चौथी मेणबत्ती बिदरची सिस्टर लावणार आहे.

---

पेटीवाला | १७ डिसेंबर, दुपारी १२.१५

जमेल. पेटी घेऊन येतो, पखवाज नको. पडवीत जातं अजून असेल तर तेवढं स्वच्छ करून ठेवा; हात खुंट्यावर गेला की आमच्या आईलाही पुढच्या ओळी आठवायच्या.